मशेरीच्या हातचे लाडू
शेजारी कुणी तव्यावर मशेरी भाजायला घेतली की मला लढाईच्या दिवसांतला सरहद्दीवरचा तो हिवाळा आठवतो. आमची छावणी डोंगरात होती आणि सकाळी तंबूचं कापड पापडासारखं कडक झालेलं असायचं. आई तापानं अंथरुणाला खिळलीय, एवढं घरून कळलं होतं. पुढे महिनाभर काहीच नाही. मग एक दिवस पळसदरीहून पार्सल आलं, तांदळाच्या पिठाचे लाडू. आई तर पडून, म्हणजे बहिणीनंच वळले असणार. मी हातच लावेना. तंबूतल्या साताऱ्याच्या गड्यानं एक तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. "आरं लेका, ह्याला तंबाखूचा वास मारतोय!" मी लाडू नाकाशी धरला. मशेरी! आमच्या घरात मशेरी लावायची ती एकटी आई, आणि त्याच बोटांनी पीठ मळायची. "आये, आधी हात धू गं!" म्हणून लहानपणी मी किती ओरडायचो. "आई उठली रं! आमची आई बरी हाय!" म्हणत मी त्या गड्याला मिठीच मारली. आता तो वास आला की सूनबाई नाक दाबून खिडकी लावायला धावते. मी म्हणतो, "ऱ्हाऊ दे गं उघडी."