वाणात ठेवलेली नोटीस

दाजींना मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज मऊ लागला तर वाचणाऱ्याने फसू नये.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मनातल्या मनात मी त्यांना कधीच एकेरीवर आणलंय, पण लिहायला बसलं की हात आपोआप अहोजाहो करतो. सवय वाईट. आमची दोन्ही घरं खानदेशातली, सुरतेत पोट भरायला आलेली. माझे वडील उधन्याला लूमवर होते. ते गेल्यावर घरात आई आणि मी. मी पांडेसऱ्यात एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात होतो. मशीनमधली इलेक्ट्रॉनिक कार्डं जळतात, ती दुरुस्त करायचं माझं काम. दाजींचं याच मशीनच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. मोटर, सेन्सर, कार्ड, सगळा माल चीनमधून यायचा, आणि दाजी त्या देशाबद्दल असे बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, यांची चार एकर तिकडेच आहे.

परदेशातून माल मागवायला एक सरकारी कोड काढावा लागतो. तो माणसाच्या पॅनकार्डावर निघतो. एका रविवारी दाजी घरी आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शालक, तुन्हं पॅनकार्ड दे. मन्हा नाववर माल बहुत दिसी राहिना."

मी विचारलं, "म्हणजे माल तुमचा आणि नाव माझं?"

"फक्त कागदवर रे. धंधा मा बधा आवंच करस," धंद्यात सगळे असंच करतात, असं अर्धं गुजराती, अर्धं अहिराणी बोलून ते हसले.

मी आईकडे पाहिलं. ती चहाचा कप घेऊन उभी होती. दाजींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "जवाईले कोणी नही म्हनस का?"

नाही म्हणत. आमच्यात जावयाला नाही म्हणत नाहीत. माझ्या वडिलांनी लग्नात, दाजींच्या दुप्पट वयाचे असून, त्यांचे पाय धुतले होते. ज्या माणसाच्या पायाचं पाणी बापाने डोळ्यांना लावलं, त्याला मुलगा सही नाकारणार कसा? मी आठ ठिकाणी सह्या केल्या. एकही कागद वाचला नाही. बाहेर कोणाला हे सांगितलं तर तो मला मूर्ख म्हणेल. आमच्या गल्लीत सांगा, कोणालाही यात वावगं दिसणार नाही. निम्म्या गल्लीने कोणा ना कोणा पाहुण्यासाठी अशा सह्या केलेल्या आहेत.

चार वर्षं गेली. मला स्वतःचं काम सुरू करायचं होतं. नोकरी सोडली, उधन्यात एक छोटा गाळा भाड्याने घेतला आणि कार्ड तपासायचं एक टेस्टर मशीन चीनमधून मागवलं. ते असलं की कार्डातला नेमका कुठला भाग गेलाय ते दहा मिनिटांत कळतं. नसलं तर अंदाजपंचे दाहोदरसे.

आता हे मशीन मागवताना मी एक गोष्ट ठरवली होती. पूर्ण ड्युटी भरायची. विकणाऱ्याने स्वतःहून विचारलं होतं, बिल कमी रकमेचं करून पाठवू का. मी म्हटलं, जेवढ्याचं आहे तेवढ्याचंच पाठव. क्लिअरिंग एजंटकडे बसून मी हिशोब समजून घेतला: मालाच्या किमतीवर ड्युटी, त्या ड्युटीवर अधिभार, आणि या सगळ्याची बेरीज करून तिच्यावर पुन्हा जीएसटी. सरकार एका उसाचा रस तीनदा काढतं हे खरं. पण मला राग नव्हता. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या मशीनवर काम केलं. माझ्या मशीनची पावती माझ्या नावावर, खऱ्या किमतीची, घरात फ्रेम करून लावायचा माझा बेत होता.

माल बंदरात लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. "भाई, तुमच्या कोडवर अलर्ट आहे. माल सुटणार नाही."

मी म्हटलं, माझा हा पहिलाच माल आहे. तो म्हणाला, पहिला कुठला, तुमच्या नावावर चार वर्षांत एकोणीस वेळा माल आलाय.

त्याने ऑफिसात बोलावून कागद काढून दाखवले. एकोणीसही वेळा बिल खऱ्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याचं लावलेलं होतं. कस्टमवाल्यांना खरी बिलं कुठून तरी मिळाली होती. बुडालेली ड्युटी, तिच्यावर व्याज आणि वर दंड, अशी नोटीस माझ्या नावाने निघाली होती. एक नाही, तीन. मला एकही मिळाली नव्हती, कारण कोड काढताना पत्ता दाजींच्या दुकानाचा दिला होता.

मी तिथून सरळ दुकानात गेलो. दाजी गिऱ्हाइकाला मोटर दाखवत होते. मी विचारलं, माझ्या नावाने काही टपाल आलं होतं का. त्यांनी मान वर न करता गल्ल्याखालचा खण ओढला आणि तीन पाकिटं काउंटरवर टाकली. फोडलेली. वाचलेली. पहिल्या पाकिटावरचा शिक्का पाच महिन्यांपूर्वीचा होता.

"अरे, तुले सांगनंच व्हतं," ते म्हणाले. "टेन्शन मत ले."

पाच महिन्यांत ते आमच्याकडे तीनदा जेवून गेले होते. पुरणपोळीवर तूप कमी पडलं म्हणून एकदा आईला बोलले होते. आणि खणात माझ्या गळ्याचा फास ठेवला होता. चूक झाली, भीती वाटली, म्हणून लपवलं असं त्यांनी म्हटलं असतं तर मी कदाचित विरघळलो असतो. त्यांनी उलट गिऱ्हाइकाकडे बघून डोळा मारला आणि म्हणाले, "नवा धंदेवाला शे, घाबरी जास." तिथे काउंटरवर मी ठरवलं की या माणसाला मी लोकांसमोर खाली बसवीन.

संधी लांब नव्हती. जबाब द्यायला कस्टमचं समन्स आलं होतं, आणि त्याची तारीख अधिक महिन्याच्या आसपास पडत होती. अधिक महिना म्हणजे आमचा धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्यात जावयाला घरी बोलावून देवासारखं जेवू घालतात. पुरण भरलेले धोंडे करतात आणि जावयाला वाण देतात: ताटात तेहतीस अनारसे, मधे दिवा, वर कापड झाकलेलं. आमच्या घरी रीत अशी की जेवण झाल्यावर जावयाने सगळ्यांसमोर ते कापड उचलायचं, दिवा बघायचा आणि ताटाला नमस्कार करायचा. गल्लीतल्या बायका ते बघायला दारात येऊन बसतात.

आईने दोन दिवस खपून अनारसे तळले. मी तिला मदत केली. एवढी मदत मी आयुष्यात कधी केली नव्हती, त्यामुळे ती फार खूश होती. ताट मीच लावलं. अनारसे गोल रचले, दिवा मधे ठेवला आणि दिव्याखाली तिन्ही नोटिसा घडी करून ठेवल्या. मग कापड घातलं. मला आनंद झाला होता, खरंच सांगतो. लग्नघरात होतो तसा.

दाजी नवा सदरा घालून आले. ताई मागून. आईने त्यांना पाटावर बसवलं, मी पंखा त्यांच्याकडे वळवला, मीच पुरण वाढलं, तूप सढळ घातलं. "आज शालक लई मान दी राहिना," ते म्हणाले. मी म्हटलं, "मानाचे आहात, दाजी."

जेवण झालं. दारात सात-आठ बायका. आईने वाण पुढे केलं. दाजींनी कापड उचललं, दिवा उचलला आणि खालचे कागद पाहिले.

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा पडेल. त्यांनी पहिला कागद उघडला, त्याला लागलेलं तूप बोटाने पुसलं आणि मोठ्याने वाचलं: माझं नाव, माझ्या बापाचं नाव. मग बायकांकडे वळून म्हणाले, "पाहा हो, सासरवाडीनी स्वतःनी नोटीस जवाईले वाण दिन्ही. पैसा भराना व्हई तं मागी लेवाना ना, लाजस कशाले?"

बायका हसल्या. आई माझ्याकडे बघत राहिली. चोर तो चोर, वर शिरजोर. मी ओरडून सांगितलं की माल यांचा आहे, दुकान यांचं आहे. दाजी पाटावरून उठले, हात धुतले आणि शांतपणे म्हणाले, "मन्हा नाववर एक कागद दाखाड."

एकही नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तेहतीस अनारसे आणि दिवा, सगळं घेऊन ते खाली रिक्षाकडे गेले. नोटिसा मात्र पाटावर ठेवून गेले.

ताई मागे राहिली. मागच्या मोरीत भांडी विसळायच्या निमित्ताने तिने मला बोलावलं. नळ सोडला आणि म्हणाली, "भाऊ, जबाबमा त्यासनं नाव लेशी का?"

"घेणार. आणि नुसतं नाव नाही, दुकान, फोन, सगळं दाखवणार."

"मंग एक ऐक. तुन्हा कोड बंद पडना तवय त्यासनी नवी कंपनी काढी. ती मन्हा नाववर शे. दोनदा माल उना. तू तोंड उघाडशी तं मन्हंच नाव ई."

मी तिच्यावरच भडकलो. म्हटलं, तू सही केलीस कशाला? अक्कल कुठे गेली होती?

ती भांडं विसळत राहिली. "तुले नही म्हनता उनं नही, मंग माले कसं ई?"

तिने रडून-ओरडून काही मागितलं नाही, नाव घेऊ नको असंही म्हटलं नाही. पदराला हात पुसले आणि गेली.

जबाबाच्या दिवशी मी कस्टमच्या ऑफिसात एका लांब टेबलापाशी बसलो होतो. जबाब स्वतःच्या हाताने लिहायचा असतो. मी शिकलो महापालिकेच्या मराठी शाळेत. गुजराती बोलतो फाडफाड, पण लिहिताना अडखळतो, म्हणून हिंदीत लिहिलं. माल कोणाचा, दुकान कुठे, पाकिटं कोणत्या खणात होती. अधिकारी बरा माणूस होता. वाचत गेला, मान हलवत गेला. मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला: या इसमाची दुसऱ्या कोणाच्या नावावर आणखी एखादी कंपनी आहे का?

मला आठवावं लागलं नाही. नाही असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. माझं काम तेवढ्यावर भागत होतं. पण तसं लिहिलं तर त्या नव्या कंपनीच्या जोरावर दाजींचं दुकान चालू राहिलं असतं. पाटावरून उठून शांतपणे हात धुणारा तो माणूस मला दिसत होता, आणि दारातल्या बायकांचं हसू ऐकू येत होतं. मी ताईचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे रकाना होता, जबाब देणाऱ्याशी नातं. तिथे लिहिलं, सगी बहन. आणि खाली सही केली, या वेळी वाचून.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. दाजींच्या दुकानावर माणसं आली, खण उपसले, फोन घेऊन गेली. माझ्या नोटिसांचा मोठा भाग त्यांच्या अंगावर गेला. माझा अलर्ट उठला, मी पूर्ण ड्युटी भरून टेस्टर सोडवलं आणि गाळ्यात बसवलं. दुकानाच्या शटरला कुलूप लागलं त्या दिवशी मी मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. दोनदा गेलो. ताईलाही समन्स आलं. ती कधी बँकेतसुद्धा एकटी गेली नव्हती. तिथे चार तास बसून तिने जबाब लिहिला. दोनच वेळचा माल होता, म्हणून थोडक्यात निभावलं. तिचा वकील म्हणाला, अजून वर्षभर चाललं असतं तर बाईंचं काही खरं नव्हतं.

वकिलाचं ते वाक्य आईने उचललं. गल्लीत ती सगळ्यांना सांगते की भावाने वेळेवर नाव दिलं म्हणून बहीण वाचली. एकदा तिने मलाही विचारलं, "तिले वाचाडाकरताच दिन्हं ना नाव?"

मी हो म्हणालो. ते खोटं आहे. लिहिताना ताईला वाचवायचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

ताई महिन्यातून एकदा आईला भेटायला येते. तासभर बसते, माझ्या कामाची चौकशीही करते. येताना पिशवीत स्वतःच्या घरची पाण्याची बाटली घेऊन येते, आणि तेवढंच पाणी पिते.