सासूबाईंचं माहेर चांदोलीच्या जंगलात आहे

ही सहल ठरली सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. त्यांचं सासर हुपरी. सासऱ्यांचं पैंजणांचं काम, घरातच भट्टी, त्यामुळे सासूबाईंचा जन्म उकिडवं बसून चांदी उजळण्यात गेला. गुडघे धरले. कुणीतरी सांगितलं, कोकणात तुरळला गरम पाण्याचे झरे आहेत, पाय सोडून बसा, फरक पडतो. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, लगेच तारीख धरली.

मी म्हटलं, आंबा घाट उतरायचाच आहे तर आधी चांदोली राष्ट्रीय उद्यान करू. चांदोली हा माझा हट्टाचा विषय आहे. शाळा, कॉलेज, गणेश मंडळ, जिथे माईक मिळेल तिथे मी या जंगलाची बाजू लढलोय. माझं एक वाक्य तर कोल्हापुरात बऱ्याच जणांना पाठ आहे: ‘जंगलात आपण सगळे पावणे आहोत. पावण्यासारखं यावं, पावण्यासारखं निघावं.’ याला टाळी पडतेच. पडायलाच हवी, कारण ते खरं आहे.

सासूबाई आदल्या संध्याकाळी एसटीने कोल्हापुरात आमच्या कळंब्याच्या घरी आल्या. पिशवीत नारळ, हिरवा खण आणि तांदूळ.

“आई, हे कशाला?”

“देवीची ओटी भरायची हाय पावणं. जांभूळवाडीच्या.” लग्न झाल्यापासून त्या मला पावणंच म्हणतात. आमच्याकडे जावई म्हातारा झाला तरी पावणाच.

जांभूळवाडी हे त्यांचं माहेर. आज ते उद्यानाच्या आत आहे, म्हणजे गाव नाही, जागा आहे. जंगल राखीव झालं तेव्हा गाव उठलं, भाऊ खाली पुनर्वसनाच्या वसाहतीत गेले. त्या वेळी सासूबाई हुपरीत आजारी होत्या. गाव उठताना त्यांनी पाहिलं नाही आणि नंतर तिकडे जाणं झालं नाही. पाय पुरते जायच्या आत एकदा माहेरच्या मातीत उभं राहायचं आणि देवीची ओटी भरायची, एवढंच त्यांना हवं होतं. चांदोलीचं नाव निघाल्यावर गुडघे निमित्तापुरते उरले होते, हे मला तेव्हा कळलं.

आता जाणाऱ्यांसाठी. कोल्हापूरहून बांबवडे, सरूड, कोकरूड, आरळा करत वारणावती आणि पुढे मणदूर. पहाटे निघा. आरळ्यापर्यंत रस्ता बरा आहे, पुढे खड्डे मोजू नका. लहान गाडी नेऊ नका, आतला रस्ता दगडांचा आहे. आम्ही मित्राची सुमो मागून घेतली होती. बांबवड्याला झणझणीत रश्श्यातला कटवडा खाऊन घ्या, कारण आत चहासुद्धा मिळत नाही, आणि मिळू नये. प्रवेशशुल्क किरकोळ आहे, वाटाड्या सक्तीचा. फेब्रुवारी उत्तम: सकाळी अंगावर स्वेटर, दुपारी टोपी.

नाक्यावर आम्हाला धोंडिराम मिळाला. मणदूरचाच, खाकी शर्ट, आवाज असा की बिबट्याने वाट बदलावी. गाडीत चढायच्या आत त्याने नियम ऐकवले. “पावणं, ऐका. खाली उतरायचं न्हाय. हारन वाजवायचा न्हाय. खायचं-प्यायचं काय आत टाकायचं न्हाय. नारळ-बिरळ असंल तर पिशवीतच ऱ्हाऊ द्या.”

सासूबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली.

चांदोलीत वाघ शोधायला जाऊ नका. झाडी इतकी दाट आहे की वाघ तुम्हाला बघतो, तुम्ही झाडं बघता. पण शेकरू दिसलं, अंजनीच्या फांदीवरून शेपूट सोडून बसलेलं. सांबराची जोडी पाण्याकडे उतरताना दिसली. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आलो की एका बाजूला वसंत सागर धरणाचं पाणी पसरलेलं, दुसऱ्या बाजूला कोकणात कोसळणारा कडा, मध्ये वारा. एवढं जंगल आपल्या दाराशी आहे आणि आपली माणसं विमानाने परदेशातली उद्यानं बघायला जातात! मी गाडीतच बोलायला लागलो होतो. सुमन म्हणाली, “अहो, माईक न्हाय हितं.”

एका वळणानंतर सासूबाई ओरडल्या, “थांबा!”

मला तिथे काहीच दिसलं नाही. कारवीचं रान, एक मोठा आंबा, जोत्याचे थोडे दगड. त्यांना सगळं दिसत होतं. “ह्यो आमचा आंबा. ती देवी, त्या दगडांच्या मागं. अन् त्यो उंबरा.” त्यांनी गाडीच्या दाराच्या कडीला हात घातला.

“मावशी, उतरायचं न्हाय,” धोंडिराम म्हणाला.

“दोनच मिनिटं उतरू दे की दादा,” सुमन म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची आहे. इतकी भाषणं करता, आता बोला.

मी बोललो. पण माझी बाजू बदलली नाही. “आई, नियम आहे. आज तुम्ही उतरलात तर उद्या मागची गाडी उतरेल.” हे मी आजही म्हणेन. जंगलाचे नियम आपल्या माणसासाठी वाकवायचे असतील तर भाषणं बंद करावीत.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “नियम कुणासाठी हाय?”

“पावण्यांसाठी,” धोंडिरामने ठसक्यात सांगितलं.

“मग झालं तर. मी पावणी न्हवं. मी लेक हाय हितली. ही सुमी त्या उंबऱ्याच्या आत जल्मली. पावणं ते, पुढं बसल्यात त्ये.”

धोंडिराम माझ्याकडे बघायला लागला, मी धोंडिरामकडे. माझ्या टाळीच्या वाक्यातून एक बाई सरळ बाहेर पडली होती.

दार अर्धं उघडलं. तेवढ्यात धोंडिरामचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “मावशी. हलू नगा. समोर बघा.”

आंब्याच्या पलीकडे खाचरात गवे होते. आधी एका काळ्या पाठीचा कणा दिसला, मग पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, मग पूर्ण कळप. सगळ्यात जवळ एक गवी होती आणि तिच्या पोटाखाली तांबूस रंगाचं वासरू, पाय अजून लटपटणारे. गवीने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. नाकातून फुरफुर केलं.

“आबाचं खाचर हाय त्ये,” सासूबाई कुजबुजल्या. “भात लावायचो आमी तितं.”

एक पाय खाली पडला असता तर ती धावून आली असती, किंवा वासरू टाकून पळाली असती. सासूबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच दार अलगद ओढून घेतलं.

“ओली बाळंतीण हाय बाई. बाळंतपणाला माह्यारी आलीया. तिला उठवायची न्हाय. चला पावणं.”

मला वाटतं, जंगल का राखायचं याचं इतकं नेमकं उत्तर मी कुठल्याच व्यासपीठावर दिलेलं नाही. देवीच्या दिशेने हात जोडून त्या मागे टेकल्या.

नाक्यावर धोंडिराम उतरला आणि म्हणाला, “जरा थांबा. चहा घ्या.” त्याचं घर नाक्याच्या मागेच. दोन उड्यांत तो आत गेला आणि त्याचा तो आवाज आला, “अगं ए, भाईर ये! जांभूळवाडीची लेक आलीया. तांदूळ घे, हळकुंड घे!”

त्याची बायको पदर सावरत बाहेर आली. तिने सासूबाईंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, पदरात ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ घातला. “मावशी, माह्यारातनं रिकामं जाऊ ने.” गुडघ्यांसाठी कधी न रडलेल्या सासूबाई तिथे रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी पिशवी उघडली आणि देवीसाठी आणलेला हिरवा खण, नारळ, तांदूळ धोंडिरामच्या बायकोच्या ओटीत घातले. “देवी काय रागवायची न्हाय,” म्हणाल्या.

धोंडिराम मला म्हणाला, “पावणं, नियम नियमाच्या जागी.” मी म्हटलं, व्हय.

मुक्काम घाटमाथ्यावरच्या आंबा गावात केला. नाचणीची भाकरी आणि पिठलं सांगून करून घ्या, तासभर आधी सांगा. दुसऱ्या दिवशी घाट उतरून साखरपा, देवरुख, संगमेश्वर आणि हायवेलाच लागून तुरळ. गंधकाचा वास आधी येतो. बाप्यांचं कुंड वेगळं, बायकांचं वेगळं. पाणी खरंच चटका देतं, एकदम उतरू नका. आधी पाय, मग गुडघे. साबण लावू नका, आणि पावडरचे डबे फेकणाऱ्यांना मी जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

भिंतीपलीकडून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी विचारलं, “माहेर कुठलं तुमचं?”

“चांदोली,” सासूबाईंचा आवाज. “मोटं हाय. सध्या गवं ऱ्हात्यात तितं.”

“अगो बाई! मग तुमी जाता की नाय?”

“कालच आले की ओटी भरून.”

गुडघ्यांना फरक पडला का? चार दिवस पडला. पुन्हा जाऊ.

ओटीच्या तांदळाचा त्यांनी घरी आल्यावर भात केला आणि माझ्या ताटात पहिला वाढला. “जेवा पावणं. माझ्या माह्यारचा हाय.”

त्यानंतर कोल्हापुरात एका सभागृहात माझं भाषण होतं. सासूबाई पहिल्या रांगेत. ते वाक्य आलं, ‘जंगलात आपण सगळे...’ आणि मी थांबलो. मग म्हणालो, “सगळे नव्हे. काही जणींचं ते माहेर आहे. त्यांनी दार ओढून घेतलंय, म्हणून आपल्याला तिथे पावणं होता येतं.”

टाळी पडली नाही. लोकांना जरा कळेना.

घरी येताना सासूबाई गाडीत म्हणाल्या, “पावणं, आज टाळ्या कमी पडल्या.”

“हो, आई.”

“पडू देत. आज बरोबर बोललासा.”