डोंगरावरून नेलेली उष्टी हळद

साडी गुडघ्यापर्यंत खोचून, अंबाड्यावरच्या गजऱ्यासकट हेल्मेट चढवून आणि मांडीवर स्टीलचा डबा घेऊन मी क्वाड बाईकवर बसले, तेव्हा आमचे हे मांडवाचा खांब धरून उभे होते. "विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत?" एवढंच त्यांनी विचारलं.

डब्यात उष्टी हळद होती. नवऱ्यामुलाला लावून उरलेली हळद नवरीकडे न्यायची, आणि ती पोचल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. नवरामुलगा माझा थोरला भाचा. माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला आणि नवरीचं गाव बरोबर डोंगरापलीकडे. गाडीरस्त्याने जायचं तर खाली पोलादपूरला उतरायचं, महामार्ग गाठायचा आणि दुसऱ्या खोऱ्यातून पुन्हा वर चढायचं. आम्हा बायकांचा टेम्पो संध्याकाळी तसा निघालाही होता. महामार्गावर कंटेनर आडवा पडलेला. टेम्पो जागच्या जागी उभा राहिला आणि शेवटी कसाबसा वळून घरी आला.

तिकडे नवरी पिवळी साडी नेसून तयार, आणि तिची आजी हटून बसलेली: उष्टी हळद आल्याशिवाय कोणी बोटसुद्धा लावायचं नाही. दहाला डीजे बंद. हळद लागल्यावर नाचायचं म्हणून नवरीने महिनाभर तालीम केली होती. तिने मला फोन केला. "आत्या, डीजे नाही वाजला तरी चालेल, असं मी इथे सगळ्यांना सांगतेय. पण मला नाही चालणार."

धाकटा भाचा मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला. महाबळेश्वरला निघालेल्या पर्यटकांना माळावर या चार जाड चाकांच्या क्वाड बाईकवरून फिरवतो. रात्रीच्या फेरीला गिऱ्हाईक जास्त. अंधारात त्यांना आमचा डोंगर मोठा वाटतो.

"माझा ट्रॅक पार माथ्यापर्यंत हाय," तो म्हणाला. "पलीकडनं बैलगाडीची वाट. दहाच्या आत सोडतो."

"कोणाला?"

"हळद. तू सोबत येशील."

डबा सवाष्णीनेच न्यायचा असतो. मांडवातल्या सगळ्या सवाष्णींना त्याच क्षणी गुडघेदुखी आठवली आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

सुरुवातीला मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. मग एक डोळा उघडला. दिव्याच्या उजेडात वाट आमच्या पुढेपुढे पळत होती, दोन्ही बाजूंनी कारवी अंगावर येत होती आणि भाच्याने झाडांना लावलेले लाल रिफ्लेक्टर एकेक करून पेटत होते. कोणीतरी आमच्यासाठीच दिवाळी लावत चाललं होतं म्हणा ना. मी रामरक्षा सोडली.

"घाबरलीस काय गो आत्या?"

"हळू चालवतोस म्हणून कंटाळले."

ही माझी चूक. या गाडीचा वेग अंगठ्याने दाबायच्या खटक्यावर असतो, आणि माझ्या भाच्याचा अंगठा फार मानी निघाला. पुढे पऱ्या होता, म्हणजे कोरडा ओढा, नुसते गोटे. पहिल्या गोट्याला मी वर गेले, दुसऱ्याला डबा वर गेला. खाली येताना आम्ही एकत्र आलो, पण झाकण नव्हतं. ते अंधारात खणखणत कुठेतरी खाली गेलं. भाच्याची पाठ आणि माझं पोट यांच्यामध्ये काहीतरी गार, ओलं पसरलं, थोडं हेल्मेटच्या फटीतून माझ्या तोंडावरही उडालं.

"आत्या, माझ्या पाठीवर काय हाय?"

"तुझ्या भावाचा संसार."

उरलेल्या हळदीवर मी पंजा झाकणासारखा दाबून धरला. दुसऱ्या हाताने त्याची कॉलर. माथ्यावर रेंज आली आणि लगेच फोन वाजला. फोन घ्यायला तिसरा हात नव्हता. भाच्याने तो माझ्या पिशवीतून काढून हेल्मेटच्या फटीत खुपसला. "आत्या, कुठे पोचलात?" नवरी विचारत होती. "खाली मांडवाचे दिवे दिसतायत," मी म्हटलं. डब्याबद्दल मी काही बोलले नाही. पलीकडची उतरण बैलांच्या सवयीची होती, आमच्या नव्हे. मला मात्र हसू येऊ लागलं होतं. मी हसले की भाचा हसायचा, तो हसला की गाडी वाटेबाहेर जायची.

मांडवात शिरलो तेव्हा बायकांचं गाणं थांबलं. आजी काठी टेकत पुढे आली. तिने मला आपादमस्तक बघितलं.

"ह्ये काय गो?"

"उष्टी हळद."

"कुठाय?"

मी डबा पुढे केला. तळाला जेमतेम चिकटलेली. मग भाच्याला खांदे धरून फिरवलं आणि पाठ दाखवली. "बाकीची इथे."

वाटेतलं माझं हसू तिथेच विरलं. आजीच्या मागे नवरी उभी होती. ती माझ्याकडे नाही, डीजेच्या पेट्यांकडे बघत होती. तिथला माणूस वायरी गुंडाळायच्या तयारीत हातावरचं घड्याळ बघत उभा. आता ही म्हातारी नाही म्हणाली, तर मी त्या मुलीला कुठल्या तोंडाने भेटणार होते? माझं तोंड तर पिवळं झालेलं.

आजीने डब्यात बोट घातलं. तळाशी गोल फिरवून बाहेर काढलं, दिव्याखाली धरलं.

"उष्टं असतंय तरी केवढं?" ती म्हणाली. "घासभर. त्याच्यापरीस जास्त असलं तर त्याला ताट म्हनतात. बस गो पाटावर."

तेच बोट तिने नातीच्या गालावरून ओढलं. मग बायका तुटून पडल्या. एका काकूने भाच्याच्या पाठीकडे बघून विचारलं, "ह्याचं लगीन ठरलंय काय?" तो गाडी नीट लावायला म्हणून जो पळाला, तो जेवायलाच परत आला.

दहाला दोन गाण्यांपुरता अवकाश होता. महिनाभराची तालीम नवरी पहिल्याच ओळीला विसरली. मग पिवळे हात वर करून ती जसं सुचेल तसं नाचत सुटली. मी शेजारीच होते. मला तर तालीम नव्हतीच.