नानांच्या हर्नियाला माझं दूध

"मास्तर, तुमच्या छातीत पाणी झालंय," एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले.

"रंकाळ्याचं का पंचगंगेचं?" मी विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

या दुखण्याला प्लुरल इफ्यूजन म्हणतात, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साचणं. माझं क्षयामुळं साचलं होतं. दोन महिने संध्याकाळी कणकण यायची, खोल श्वास घेतला की बरगडीत कळ उठायची, आणि मी, हायस्कूलचा ड्रॉइंग मास्तर, सगळा दोष मिसळीला देत होतो. तुम्हाला असं होत असेल तर मिसळीवर आळ घेऊ नका. छाती दाखवा.

पाठीत सुई घालून पाणी काढलं. थुंकीत जंतू निघाले नाहीत, म्हणून साध्या वॉर्डात ठेवलं. तेव्हा रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन असे. बसताना कुठल्या बाजूवर भार द्यायचा हे मी शिकलो. डॉक्टरांनी बजावलं, "औषध निम्मं काम करेल. उरलेलं दुधानं आणि अंड्यांनी करायचं. वजन वाढलं नाही तर लांब सॅनेटोरियमला पाठवावं लागेल. सहा-आठ महिने." म्हणजे तेवढे महिने घराचं तोंड दिसायचं नाही.

आमची मंडळी, मालती, रोज शिवाजी पेठेतून चालत डबा आणायची. दोन उकडलेली अंडी, भाकरी, भाजी आणि कडीच्या डब्यात तापवलेलं म्हशीचं दूध. डबा ठेवून ती लगेच निघायची, कारण भेटीची वेळ संपलेली असायची. इथंच घोटाळा झाला.

शेजारच्या कॉटवर कागलकडचे श्रीपती नाना होते. जुने पैलवान. त्यांना हर्निया होता, म्हणजे आतडं जांघेत उतरलेलं. आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन, असं सांगून त्यांना पथ्यावर ठेवलेलं. आता शेजारी माणूस बसलेला असताना डबा उघडून एकट्यानं खायचं? आमच्या गावात त्यापेक्षा शिवी दिलेली बरी.

"घ्या की नाना."

"नगं ओ मास्तर. आजारी तुमी हायसा."

"म्हणजे आमच्या घरचं चालत न्हाय तुम्हाला?"

"आता असं बोलल्यावर काय करायचं! द्या की मग."

पहिल्या दिवशी अर्धा पेला. आठवड्याभरात दोन्ही अंडी आणि सायीसकट दूध. मला भारी समाधान वाटायचं. मरणाच्या दारात असूनही मास्तराचा हात आखडत नाही, असं मीच मला रोज सर्टिफिकेट देत होतो.

सोमवारी वजन व्हायचं. तीन सोमवार माझा काटा जागेवरून हलला नाही. नानांचा मात्र चढत गेला आणि त्यांचं ऑपरेशन तीनदा पुढं गेलं. डॉक्टर दोन्ही कागद शेजारी धरून उभे राहिले. "औषध यांना आणि गुण त्यांना? पुढच्या सोमवारी काटा हलला नाही तर मास्तर, सॅनेटोरियम."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालतीला थांबवून घेतलं. "बाई, डब्यात काय देता?"

तिनं सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी नानांकडं. नानांनी छताकडं.

मालतीच्या सगळं ध्यानात आलं. "घरचा सगळा रतीब ह्यांना येतोय. तीन आठवडं मी बिनदुधाचा चहा पितेय. तो काय नानांच्या हर्नियासाठी?"

अख्खा वॉर्ड खदखदून हसला. मीही हसलो. मग तिच्या हाताकडं लक्ष गेलं. बांगड्या पार कोपराकडं सरकत होत्या. मी दानशूर म्हणून मिरवत होतो ते तिच्या कपातलं ओतून.

त्या दिवसापासून नानाच पहारेकरी झाले. डबा उघडला की भिंतीकडं तोंड करायचे आणि तिकडूनच ओरडायचे, "साय पन खा मास्तर! वहिनी, बघा जरा, घोट ऱ्हायलाय काय?" मालतीला बसायची परवानगी मिळाली. मी अट घातली, पहिला अर्धा कप तिनं माझ्यासमोर प्यायचा. सुरुवातीला एकट्यानं अंडं खाताना चोरी केल्यासारखं वाटायचं. स्वतःला आग्रह करायला मला पस्तिसाव्या वर्षी शिकावं लागलं.

आणि द्यायची खुमखुमी होतीच, तर जे माझं होतं ते दिलं. कागद मागवून वॉर्डातल्या प्रत्येकाचं चित्र काढून दिलं. डॉक्टरांचं नाक जरा जास्त झालं, पण त्यांनी ठेवून घेतलं.

सोमवारी काटा हलला. डॉक्टर पहिल्यांदा हसले. म्हणाले, "आता सांगा, रंकाळ्याचं का पंचगंगेचं?" पंधरा दिवसांनी नानांचंही ऑपरेशन झालं.

तुम्ही आज एखाद्या कॉटवर पडून हे वाचत असाल, तर आलेला डबा आधी निमूट खा. त्यात कुणाचा तरी चहा काळा झालेला असतो.

नाना अजून कागलहून दुधाची किटली घेऊन येतात. "घ्या की मास्तर!" मी आता नको म्हणत नाही. पहिला कप मालतीचा, दुसरा माझा. नानांना मात्र बिनदुधाचा चहा.