अंगठा आणि तांब्या

मूर्तिजापुराहून अचलपूरला जाणाऱ्या छोट्या गाडीत एका गृहस्थांनी सुजलेला पाय माझ्या बाकावर ठेवला होता. जवळून कोणी गेले की ते ओरडत, "अंगठा!" रक्तात यूरिक आम्ल वाढल्याने डॉक्टरांनी त्यांना मटण वर्ज्य केले होते.

"गुरुजी, आमी एकाच गंजात शिजलेलं मटण खातो. मंग हिले काहून होत नाही?" शेजारी बसलेल्या पत्नीकडे बोट दाखवत त्यांनी विचारले.

"स्त्रियांस हा विकार सहसा उतारवयात जडतो," मी समजावले.

"कुठलं एकाच गंजातलं! कलेजी यायले, मले नुसता रस्सा," पत्नी म्हणाल्या. "आजची कलेजी मायी!"

त्यांनी डबा उघडताच गृहस्थांचा हात कलेजीकडे गेला. बाईंनी भरलेला तांब्या नेमका अंगठ्यावर अधांतरी धरला. हात मुकाट्याने भाकरीकडे वळला. इतके शीघ्र गुणकारी औषध मी अन्यत्र पाहिलेले नाही.