आई आजारी नाही

"मेजर, हे कारण होत नाही," आमच्या युनिटचे प्रमुख, सीओ साहेब, म्हणाले आणि माझा अर्ज त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

सैन्यातून मला मुदतीआधी मोकळं करावं, असा तो अर्ज होता. कारण विचारलं होतं तिथं मी लिहिलं होतं की मला माझ्या गावी जाऊन मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायची आहेत.

"मग काय कारण होतं, सर?"

ते वाईट माणूस नव्हते. आमच्या वर्कशॉपमधल्या साध्या जवानाच्या घरची अडचणही त्यांना माहीत असायची. खुर्ची पुढं ओढून ते समजुतीनं बोलायला लागले. बढती नाकारली गेली, तब्येतीची श्रेणी घसरली, घरी कुणी गंभीर आजारी आहे, असली कारणं मुख्यालयात चालतात. मला जायची इच्छा आहे, हे चालत नाही. इच्छा सगळ्यांनाच असते.

"घरी कोण असतं?"

"आई, भाऊ, वहिनी."

"आई किती वर्षांची?"

"साठीच्या पुढची."

"मग झालं की. आई आजारी असते, तिच्याकडे बघायला कुणी नाही, असं लिही. साठीनंतर प्रत्येकाला काही ना काही असतंच."

"माझ्या आईला काही नाही, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. "रजेवर जा," म्हणाले. "आईशी बोल. मग लिही."

आम्ही थळचे कोळी. वडील असताना घरची एक बोट होती, ती आता दादा चालवतो. आई मासळी घेऊन अलिबागच्या बाजारात बसते. मी इंजिनिअर झाले आणि सैन्याच्या त्या शाखेत गेले जिथं गाड्या, जनरेटर, क्रेन, असं सगळं लोखंड दुरुस्त होतं. सुरुवातीची वर्षं सोन्यासारखी गेली. बर्फात बंद पडलेल्या ट्रकच्या खाली मी झोपले आहे, हाताची कातडी पान्याला चिकटेपर्यंत. पण जसजशा खांद्यावरच्या खुणा बदलत गेल्या तसतसा पाना हातातून गेला. शेवटी शेवटी मी दिवसभर सह्या करत होते. वर्कशॉपमधून इंजिनाचा आवाज यायचा आणि मला खोलीत बसून कळायचं की त्याचा एक नोजल डिझेल मारत नाहीये. उठून गेले तर हवालदार सावधान उभा राहायचा आणि काम थांबायचं.

माझी नेमणूक आधी दहा वर्षांच्या मुदतीची होती; ती संपली तेव्हा मला कायम कमिशन मिळालं. तेव्हा नको म्हटलं असतं तर कुणी कारण विचारलं नसतं, मुदत संपली म्हणून हसत निरोप दिला असता. पण तेव्हा मला राहायचं होतं. मग त्यानंतरच्या हिवाळ्यात मी रजेवर आले आणि दादाच्या बोटीचा गिअरबॉक्स गेला. मिस्त्री अलिबागहून यायचा, तो काशीदला पर्यटकांच्या बोटींत अडकलेला. मासळी भरपूर लागत होती आणि बोट बंदरात. मी दादाला म्हटलं, खोल. तो म्हणाला, तू सुट्टीवर आहेस. मी म्हटलं, खोल तर खरं. आम्ही दोघांनी मिळून तो गिअरबॉक्स उतरवला, बसवला, आणि बोट गेली. ती खाडीच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत मी जेट्टीवर उभी होते. मला इतकं बरं किती दिवसांत वाटलं नव्हतं. त्याच आठवड्यात आणखी दोघे बोटवाले नाखवे दादाकडे येऊन विचारून गेले, तुझी बहीण किती दिवस हाय?

एवढंच माझं कारण होतं. त्याच्या मागं दुसरं काही लपलेलं नव्हतं, आणि नेमकं हेच कुणाला पटत नव्हतं.

रजेवर गेले तेव्हा आई अंगणात सुकट उलटत होती. मी तिला अर्जाचं सांगितलं आणि साहेबांचा सल्लाही सांगितला.

ती हात न थांबवता म्हणाली, "तुजा सायेब मना आजारी पाडतो व्हय?"

"कागदावर फक्त, आये."

आता तिनं हात थांबवले. "इतकी शिकलीस, वर्दी घातलीस, आनि परत हितं ग्रीस लावायला येनार. मना हे पटत न्हाय, ते आधी सांगते. लोकं काय बोलतील त्ये बी मना म्हाईत हाय. त्यांचं मी बघून घेईन. पन माज्या नावानं रोग लिवायचा न्हाय. आई मरायला टेकली म्हनून पोर परत आली, असं बंदरावर कोनी बोललेलं मना चालनार न्हाय. यायचं तर तुज्या मनानं ये."

मी परत गेले आणि तोच अर्ज, त्याच शब्दांत, दिला.

तो वर गेल्यावर मुलाखती सुरू झाल्या. ब्रिगेडियर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "लग्न ठरलंय का?"

"नाही, सर."

"कुणी त्रास देतंय का? मोकळेपणानं सांग."

"नाही, सर. कुणीही नाही."

"बाहेर एखाद्या कंपनीनं बोलावलंय?"

"नाही, सर. मला बोटींची इंजिनं दुरुस्त करायची आहेत."

त्यांना मी काहीतरी दडवते आहे असं वाटलं. बाईमाणूस नोकरी सोडते म्हणजे तिच्यामागं एखादा पुरुष किंवा पाळणा असलाच पाहिजे, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. पुरुष अधिकारी जायला निघाला तर त्याला विचारतात, बाहेर काय करणार? मला विचारत होते, झालं काय? मी दरवेळी तेच वाक्य म्हणत राहिले. माझा आवाज चढला नाही. तो चढला असता तर त्याचीही नोंद झाली असती.

त्याहून जड गेला तो एका वरिष्ठ महिला अधिकाऱ्याचा फोन. आम्ही सगळ्याजणी त्यांना मॅडम म्हणायचो आणि त्यांच्यासारखं व्हावं असं मनातून वाटायचं.

"आम्ही वर्षानुवर्षं भांडलो," त्या म्हणाल्या. "बायका थांबत नाहीत, मध्येच घरी जातात, त्यांना कायम घेऊन उपयोग काय, असं आम्हाला तोंडावर सांगायचे. आणि तू मिळाल्यावर वर्षभरात जातेस? उद्या तुझं उदाहरण देतील."

मी म्हटलं, "मॅडम, माझ्या बॅचचे पुरुष गेले, त्यांचं उदाहरण कुणी देत नाही."

"ते वेगळं."

"तेच वेगळं असू नये म्हणून तुम्ही भांडलात ना?"

त्यांनी फोन ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या चूक नव्हत्या. पण मीही चूक नव्हते, आणि दुसऱ्या कुणाची बाजू टिकावी म्हणून आयुष्यभर सह्या करत बसायची माझी तयारी नव्हती.

पहिला अर्ज नामंजूर होऊन आला. कारण पुरेसं नाही आणि सेवेत अधिकारी कमी आहेत, असं त्यात होतं. मी दुसरा दिला, अक्षर न बदलता. हेडक्लार्क सुभेदार साहेबांनी तो हातात घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, थोडं तरी बदलू या?" मी नाही म्हटलं.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी दादाचा फोन आला. तो हसतही होता आणि घाबरलाही होता. जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयातून एक निवृत्त हवालदार चौकशीला आले होते. ते घर विचारत आले तेव्हा घरी वहिनी एकटीच होती. ती त्यांना बंदरावर घेऊन गेली. बोट नुकतीच लागली होती. आई गुडघाभर पाण्यातून मासळीची टोपली डोक्यावर घेऊन येत होती.

"आजारी आई कुठायत?" त्यांनी विचारलं.

आईनं टोपली खाली ठेवली. "कोन आजारी?"

"मेजर मॅडमची आई."

"तिला येकच आई हाय. ती मी."

हवालदार बिचारे गोंधळले. त्यांच्या कागदात वृद्ध आई, प्रकृती नाजूक, असं काहीसं होतं. आईनं त्यांना घरी नेलं, चहा दिला, तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण खायला लावलं, आणि समोर बसून म्हणाली, "आता लिवा. आई बरी हाय. बाजारात बसते. पोर आईसाठी येत न्हाय. तिला यायचंय म्हनून येते. सुरुवातीला मी पन नको बोलत होते. आता बोलते, येऊ द्या."

ते सगळं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आणि खाली आईचा अंगठा नाही, सही घेतली. ती सही करायला शिकली आहे, हे तिनं त्यांना दोनदा सांगितलं म्हणे.

मी थेट सीओ साहेबांच्या खोलीत गेले. "सर, माझ्या अर्जात आई आजारी असल्याचं नाही. मग चौकशी कशी आली?"

त्यांनी चष्मा काढला. "माझ्या शिफारशीत मी एक ओळ घातली होती. तुझं काम व्हावं म्हणून."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू घालू दिली असतीस?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

मी खूप रागावले होते. सावधान उभी राहून रागावणं अवघड असतं. मी म्हटलं, "सर, तुम्ही माझ्यासाठी केलंत हे मला समजतं. पण माझ्या आईवर तिच्याच बंदरावर आपण आजारी नाही हे सांगायची वेळ आली. मी इंजिनासाठी जाते आहे, हे एवढं वाईट कारण आहे का, की त्याच्यावर आजारपणाची चादर घालावी लागते?"

त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "बस." मी बसले नाही.

दुसरा अर्जही परत आला, चौकशीत कारण सिद्ध होत नाही म्हणून. तिसऱ्यात मी तेच वाक्य लिहिलं आणि खाली आणखी एक घातलं. माझी आई ठणठणीत आहे आणि या अर्जाशी तिचा काही संबंध नाही. या वेळी साहेबांनी शिफारस लिहून माझ्यासमोर ठेवली. त्यांनी लिहिलं होतं की ही अधिकारी जे म्हणते तेच तिचं कारण आहे, ती उत्तम काम करते, आणि जिला जायचंच आहे तिला अडवून ठेवण्यात सेवेचा फायदा त्यांना दिसत नाही.

"ठीक?" त्यांनी विचारलं.

"ठीक, सर."

मंजुरी यायला वेळ लागला, पण आली. मग सुटण्याचे सोपस्कार सुरू झाले. मेस, ग्रंथालय, कॅंटीन, भांडार, प्रत्येकाकडून काही येणं नसल्याची सही. माझ्या जागी येणाऱ्याला पेटी पेटी उघडून हत्यारं दाखवणं. मग इस्पितळात वैद्यकीय मंडळ. सेवेत आलात तेव्हा कशा होतात आणि जाताना कशा आहात, हे ते तपासतात. कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, "जनरेटरजवळ किती वर्षं काढलीत? डावा कान कमी आहे." त्यांनी तो सेवेमुळे झालेला दोष म्हणून लिहिला. मीही तो लिहू दिला. तो खरा होता.

शेवटी ओळखपत्र जमा करायचं असतं. सुभेदार साहेबांनी ते घेतलं, कात्रीनं त्याचा कोपरा कापला आणि खाली बघत राहिले. मला वाटलं होतं त्या क्षणी काही तरी तुटेल. रडू आलं हे खरं, पण ते तिथल्या माणसांसाठी. निर्णयाबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा मी घरी आले. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, इंजिनं उघडायचा हाच काळ. दादाच्या जुन्या जाळ्यांच्या शेडमध्ये मी बाकडं टाकलं, इंजिन उचलायला साखळीची कप्पी लावली आणि बसले. कुणी आलं नाही. येताजाता लोक थांबायचे, मॅडम म्हणून नमस्कार करायचे आणि इंजिन अलिबागला न्यायचे. एका म्हाताऱ्या नाखव्यानं तर तोंडावर सांगितलं, "तुमच्यासारक्या सायबीनीला आमचं काळं तेल कसं लावायला सांगू? बरं दिसत न्हाय."

"काका, मला बरं दिसतं," मी म्हटलं. "इंजिन कुठं आहे तुमचं?"

ते हसले आणि गेले. आईनं बाजारातून आल्यावर विचारलं, "आलं कोन?" मी म्हटलं, न्हाय. "येतील," ती म्हणाली आणि मासळीची पाटी धुवायला लागली. मला पण त्याच्यापेक्षा जास्त बोलायचं नव्हतं. हद्दीवर मी याहून लांब वाट पाहिली आहे.

बंदी उठायच्या आदल्या आठवड्यात तेच म्हातारे नाखवे परत आले. अलिबागच्या मिस्त्रीनं इंजिन बसवून दिलं होतं आणि ते धूर ओकत होतं. ते दारात उभे राहून म्हणाले, "बाय, बघतेस का जरा?" मॅडम गेलं, बाय आलं. मी पाना घेऊन त्यांच्याबरोबर वाळूत गेले. पंपाचं टायमिंग चुकलं होतं. ते लावून दिल्यावर त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून इंजिनाचा आवाज ऐकला आणि मला काही न सांगता शेजारच्या बोटवाल्याला हाक मारली, "ये, तुजं बी दाखव हिला."

पुढच्या जानेवारीत गावच्या शाळेनं मला झेंडावंदनाला बोलावलं. मुख्याध्यापक म्हणाले, वर्दीत आलात तर मुलांना बरं वाटेल. मी साडी नेसून गेले. झेंडा वर गेला तेव्हा हात आपोआप कपाळाकडे निघाला आणि मी तो जाऊ दिला. नंतर सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "तुमाला काढलं का?"

मुख्याध्यापक तिला खाली बसवायला निघाले. मी त्यांना थांबवलं.

"नाही," मी म्हटलं. "मी जाते म्हटलं. ते दोन वेळा नको म्हणाले. मी तिसऱ्यांदा म्हटलं."

तिनं थोडा विचार केला. "मंग आमी पन जाऊ शकतो, तिकडं?"

"जा. आणि गेल्यावर परत यावंसं वाटलं तर परत या. दोन्हीचं कारण स्वतःच लिहा."

बाहेर दादा मोटारसायकल घेऊन उभा होता. पार लांबच्या बोर्ली पंचतनच्या एका बोटवाल्याचं इंजिन टेम्पोतून आलं होतं, आणि ते उतरवायला चार माणसं कमी पडत होती. मी पदर खोचला आणि मागं बसले.