टेबलाच्या पायाला लाल दोरा

तिला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते जिन्यात. शाळेतून निवृत्त होऊन मी या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले, त्याच आठवड्यात. सकाळी दार उघडलं, तर वर जाणाऱ्या पायरीवर एक बाई मांडीवर रुमाल पसरून, त्यावर ताटली ठेवून पाव खात बसली होती. शेजारी चहाचा कप. इस्त्रीचे कपडे, खांद्याला पर्स, केस घट्ट बांधलेले. कामाला निघालेली दिसत होती. मला वाटलं, हिची किल्ली हरवली असावी.

"घरात कुणी नाही का?" मी विचारलं.

"सगळे आहेत की. खुर्च्याही आहेत. पण खुर्च्यांवर पाहुणे बसलेत, बाई." मी शिक्षिका होते ही बातमी माझ्या सामानाआधीच इमारतीत पोचली होती.

"पाहुणे? इतक्या सकाळी?"

"ते मुक्कामीच असतात. एकीवर धुतलेले कपडे. एकीवर नवऱ्याची कसलीशी मोटार, ती हलवायची नाही, तेल सांडतं. एकीवर सासूबाईंच्या पिशव्या. उरलेल्या खुर्चीचा पाय मोडलाय, पण ती टाकायची नाही."

हे सगळं तिनं हसून सांगितलं, पण पाव मात्र ती रागानं चावत होती. खाऊन झाल्यावर तिनं पायरीवर पडलेले कण रुमालात टिपून घेतले, कप-ताटली वर ठेवून आली आणि निघून गेली. पायरी इतकी स्वच्छ होती, की तिथं कुणी बसलं होतं असं सांगूनही पटलं नसतं.

ती रुग्णालयाच्या सामान-भांडारात कामाला होती. बँडेज, सुया, हातमोजे, चादरी, जे जे म्हणून वॉर्डात लागतं ते तिच्याकडून जायचं. एकदा माझा पाय मुरगळला, तेव्हा मी तिच्या त्या भांडारात गेले होते. माझ्याशी बोलता बोलता तिनं मागे न वळताच हात लांब केला आणि हव्या त्या रुंदीची पट्टी काढून दिली. तिथं तिचा आवाजही वेगळा होता, शांत, खालच्या पट्टीतला. घरी तो चढायचा. इमारतीतली पोरं तिला 'जागेवर-काकू' म्हणत, कारण कुणालाही काही दिलं की तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "आणि झाल्यावर जागेवर ठेव."

तिच्या घरात मात्र कशालाच जागा नव्हती. दार अर्धंच उघडायचं, आडवं होऊन आत शिरावं लागायचं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर. हातात कला होती आणि स्वभाव तर लोण्यासारखा. कुठल्याही इमारतीतली जुनी लिफ्ट निघाली, की तिचे चार तुकडे याच्या घरी यायचे. बटणांच्या पट्ट्या, स्प्रिंगा, कप्प्या, बंद पडलेले पंखे. काही म्हटलं की म्हणायचा, "असू दे गं. लागतं कधीतरी." माझ्या दाराची घंटा बंद पडली तेव्हा त्यानं त्याच ढिगातून एक स्प्रिंग काढून ती पाच मिनिटांत वाजती केली. मी कौतुक केलं. तर बायको दारातूनच म्हणाली, "बाई, नका हो असं बोलू. आता या एका स्प्रिंगेच्या जोरावर पुढची दहा वर्षं काढतील."

सासूबाईंचा माल वेगळा. काचेच्या बरण्या, चांगले पुठ्ठे, कापडी पिशव्या, पिशव्यांत घातलेल्या पिशव्या. त्या काही कंजूस नव्हत्या; कुणी मागितलं तर लगेच देत. फक्त कुणी मागत नसे. "तुला नको म्हणून काय जगात कुणालाच नको?" असं त्यांचं म्हणणं. सुनेनं सामान भरायला झाकणांचे मोठे डबे आणले, तर डबे भरले ते भरलेच, वर डबे ज्या खोक्यांतून आले ती खोकीही सासूबाईंनी ठेवून घेतली. एकदा त्या देवळात गेल्याचं पाहून हिनं घाईघाईनं एक पोतं भरून फाटकाजवळच्या कचरापेटीशी नेऊन ठेवलं. तासाभरात रखवालदार ते पोतं खांद्यावर घेऊन दारात हजर. "आजी, तुमचं सामान चुकून खाली आलं होतं." सासूबाईंनी त्याला चहा पाजला.

हे असंच चालत राहिलं असतं. पण लेक मोठी झाली. ती इमारतींचे नकाशे काढायचं शिक्षण घेत होती आणि त्याला मोठी, सपाट जागा लागते. मागची खोली तिची, असं ती लहान असल्यापासून ठरलेलं होतं. मात्र त्या खोलीत पाऊल टाकायचं तर आधी कुठं टाकायचं ते ठरवावं लागे. पोरगी जमिनीवर पोटावर पडून रेषा मारायची. एके दिवशी, दुसऱ्या दिवशी द्यायचा नकाशा तिनं कपाटावर सरळ पसरून ठेवला आणि ती आंघोळीला गेली. बाहेर येऊन बघते तर नकाशावर बापानं नव्यानं आणलेली कप्पी. तेलाचा गोल डाग थेट जिन्याच्या रेषांवर.

"अगं, मी पाहिलंच नाही," बाप खरोखर कळवळून म्हणाला. "थांब, माझ्याकडे डाग काढायचं एक औषध आहे. कुठं बरं ठेवलंय..."

लेक रडली नाही. आईकडे वळून एवढंच म्हणाली, "कॉलेजचं नवीन वर्ष सुरू झालं की मी मावशीकडे राहते. तिकडे निदान जमीन दिसते."

ते वाक्य आईच्या वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात बसून तिनं मला सांगितलं, "पोरगी गेली तर परत यायची नाही, बाई. एकदा मोकळ्या घराची सवय लागली की कोण येतंय इथं अंग चोरत? मला ती खोली रिकामी करायचीच आहे. कॉलेज सुरू व्हायच्या आत."

तिनं भांडारातली पद्धत घरी आणली. तिथं जो माल बरेच दिवस कुणी मागत नाही त्याला लाल दोरा बांधतात. ज्याला तो लागेल त्यानं दोरा कापून न्यायचा. तपासणीच्या दिवशी ज्याचा दोरा शाबूत, ते सगळं बाहेर. भांडण नाही, वाद नाही, दोराच बोलतो.

"म्हणजे आम्ही तुझा माल का?" नवऱ्यानं विचारलं.

"मालापेक्षा वाईट. माल निदान जागेवर असतो."

नवरा आणि सासूबाई दोघंही इतक्या पटकन कबूल झाले, की तिला तिथंच संशय यायला हवा होता. सुटीच्या सुरुवातीला सगळ्या घराला दोरे बांधताना तिचे हात दुखून आले. पंख्याला दोरा, बरणीला दोरा, मोडक्या खुर्चीला दोरा. मागच्या खोलीत तर ती रांगत शिरली आणि रांगत बाहेर आली.

आठवड्याभरात एकेक दोरा सुटायला लागला. सासूबाईंनी एका बरणीत चार लवंगा टाकल्या, एकीत बटणं, एकीत नुसतंच पाणी.

"आई, पाणी कशाला?"

"का? आपण पाणी वापरत नाही?"

नवरा सुटीच्या दिवशी पंखे मांडून बसला. एकेकाला वीज दाखवायची, घरघर ऐकायची, आणि दोरा कापायचा. एका पंख्याला पातीच नव्हती. "फिरतोय ना? मग झालं तर," तो म्हणाला. मोडक्या खुर्चीवर तो भिंतीला टेकून, श्वास रोखून एक मिनिट बसला. सासूबाई कापलेले दोरे एका पत्र्याच्या डब्यात साठवू लागल्या. डब्यालाही दोरा होता. तो त्यांनी सगळ्यात आधी कापला.

ही चिडली, भांडली. पुन्हा नव्यानं दोरे बांधले. ते पुन्हा कापले गेले. आणि त्यात खोटेपणा नव्हता हो, हेच तर खरं दुखणं होतं. दोघांची खरोखर समजूत झाली होती, की वस्तू वापरून दाखवली म्हणजे ती वाचली आणि वस्तू वाचवणं हेच आपलं काम. खोली कुणासाठी रिकामी करायची आहे, हे ते कधीच विसरून गेले होते.

लेक एकदा म्हणाली, "आई, तू बांधतेस, ते कापतात. तुमचा खेळ छान चाललाय. मी बसू कुठं?"



कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तपासणी. तिनं मला मुद्दाम बोलावलं. "तुम्ही उभ्या राहिलात तर कुणी लबाडी करायचं नाही." मी दाराच्या फटीतून आत शिरले आणि जिथं पाय ठेवायला मिळाला तिथं उभी राहिले. घरभर फिरून झालं. एकाही वस्तूला दोरा नव्हता. मागच्या खोलीत नवरा खोक्यांमधून वाकून बघत होता. एकदम ओरडला, "आहे! एक आहे! बघ, उगाच आम्हाला नावं ठेवतेस!"

आम्ही सगळे वाकलो. खोक्यांच्या मागे, अगदी खाली, एका जाड लाकडी पायाला लाल दोरा होता. तो पाय तिच्या वडिलांच्या टेबलाचा. ते शिंपी होते, आणि कापड बेतायचं त्यांचं ते लांबरुंद टेबल लग्नानंतर तिच्याबरोबर या घरी आलं होतं. त्या घरात नकाशा काढण्याजोगी एकच सपाट जागा असेल तर ती हीच, छतापर्यंत सामानाखाली गेलेली. तिनं इमानेइतबारे आपल्या टेबलालाही दोरा बांधला होता. बाकी दोघांनी आपापलं वाचवलं. हिचं वाचवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"म्हणजे नियमानं हिचं टेबलच जायचं!" नवरा हसत म्हणाला. आता बायको हरणार, नियम मोडणार आणि सगळं मिटणार, अशी त्याची कल्पना.

"हे कसं जाईल? वापरात आहे की," सासूबाई म्हणाल्या. "एवढं सामान आहे त्याच्यावर."

"वर सामान ठेवणं म्हणजे वापर नव्हे, आई. तसं असेल तर मीही या घरात वापरातच आहे."

सासूबाई कात्री घेऊन पुढे वाकल्या. "आण, मी कापते तो दोरा. किती मनाला लावून घेशील?"

तिनं त्यांचा हात धरला. हळूच धरला, पण सोडला नाही. "राहू द्या. नियम माझाच आहे." मग तिथंच उभ्याउभ्या बहिणीला फोन लावला. "उद्या पोरीबरोबर बाबांचं टेबलही पाठवते. जागा आहे ना?" पलीकडचं उत्तर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "अगं, पाठव. जागेला काय तोटा?"

नवऱ्याचा चेहरा उतरला. "अगं, मस्करी केली मी. उद्या खोली रिकामी करतो. शप्पथ. तिला जायला नको, टेबल जायला नको."

"बाबा," लेक म्हणाली, "उद्या सकाळी टेम्पो येणार आहे."

त्यानं रात्रीत काही केलं नाही, हे सांगायला नकोच. सकाळी मात्र टेबलावरचं सामान हलवून ते त्यानंच मोकळं केलं. पाय सोडवले, फळीला चादर गुंडाळली, स्क्रू एका पुरचुंडीत बांधले. एक स्क्रू झिजला होता. तो आत गेला, ढीग उपसला आणि नेमका तसाच स्क्रू घेऊन आला. टेम्पोपाशी उभ्या असलेल्या बायकोसमोर त्यानं तो तळहातावर धरला. "बघ. लागला की नाही?" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

ती हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "पुरचुंडीत घाला. हरवेल."

लेक टेम्पोत पुढे बसली. आजीनं खिडकीतून तिला एक रिकामी बरणी दिली, लागेल म्हणून. पोरीनं ती घेतलीही. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तरी तिघं फाटकाशी उभी होती आणि कुणाला वर जावंसं वाटत नव्हतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा आई माझ्याकडेच होती. "आई, टेबल जोडलं. दोरा कापला मी."

"कापलास ना? मग तो टाकून दे," आई म्हणाली. "ठेवू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या पायरीवर रुमाल पसरून बसली होती. खोली कशी दिसते, असं मी विचारलं. "भरली," ती म्हणाली. "टेबलाच्या जागी पंखे छान बसले म्हणे. बिनपात्यांचा पुढे ठेवलाय."

याला आता बरीच वर्षं झाली. लेक मावशीकडून परत आली नाही. शिकली, एका कचेरीत नकाशे काढायला लागली आणि तिनं स्वतःची भाड्याची जागा घेतली. टेबल तिच्याबरोबर गेलं. सासूबाई थकल्या आहेत, पण कापलेल्या दोऱ्यांचा तो डबा अजून त्यांच्या उशाशी असतो. नवरा अजून लिफ्टची कामं करतो आणि अधूनमधून मागची खोली आवरायला काढतो.

ती अजून भांडारात आहे. शनिवारी काम सुटलं की परस्पर लेकीकडे जाते आणि रविवारी संध्याकाळी परत येते. तिकडच्या कपाटात तिला एक कप्पा दिलेला आहे. त्यात कपड्यांचा एक जोड, एक टॉवेल आणि जुना चष्मा असतो.